पाच रंगांचा चेंडू आणि भाग्याचे हात

शनिवार. उतरलो

गाडी किती तास उशिरा आली आणि डब्यात कोण कोणाच्या खांद्यावर झोपलं, ते मी लिहिणार नाही. निम्मी पानं त्यातच जातात आणि मग गावाला जागा उरत नाही. तेव्हा तुम्ही थेट म्हैसूरच्या स्टेशनबाहेर या. तिथे आम्ही दोघं उभे आहोत: मी आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले शमुवेल सर. सर पेशानं पीटीचे मास्तर. गळ्यातली शिट्टी उपासनेतसुद्धा काढत नाहीत. सोबत एक पोतं, त्यात फुटबॉल. कामगिरी अशी की म्हैसूरच्या एका वस्तीत आठवडाभर मुलांचं फुटबॉल शिबिर घ्यायचं. सकाळी खेळ, मध्ये केळी आणि बिस्किटं, शेवटी दहा मिनिटं देवाचं वचन.

मी एस्तेर, नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला वळण लागायला वेळ लागेल. वय सव्वीस, धंदा पत्रकं लिहिणं. नळाला पाणी नाही, लिही पत्रक. दफनभूमीच्या भिंतीला कोणी होर्डिंग टेकवलं, लिही पत्रक. गोरेपणाच्या क्रीमवर तर मी असं पत्रक काढलं होतं, की कॉलेजसमोरच्या दुकानदारानं मला दोन महिने साधा साबणही विकला नाही. माझे नियम दोनच. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची कॉलर धरायची आणि शेवटी स्वतःचं नाव घालायचं. ज्याला नाव घालायची लाज वाटते त्यानं लिहू नये.

आम्हाला बोलावणारे तिथल्या चर्चचे पाळक, जयराज अण्णा. त्यांनी हिशेब केला की मराठी पाहुणे मराठी घरात टाकले की आपण सुटलो. म्हणून आमचा मुक्काम मुकुंदरावांच्या माडीवर. या घराण्यानं पिढ्यानपिढ्या म्हैसुरात कापडं रंगवली, छापली. आता मुकुंदराव टी-शर्ट, बॅनर आणि पत्रकं छापतात. पत्रकं! एवढ्या लांब येऊन मी छापखान्याच्या डोक्यावर झोपणार होते.

"बन्नि, बन्नि. ऊटा आयता? जेवण झालं काय?" मुकुंदराव दारातच.

"नाही अजून."

"मग बसा की. पूनाहून आला ना?"

"नगरहून."

"तेच की हो. बेळगावच्या पलीकडलं सगळं आम्हाला पूनाच."

त्यांची मराठी ऐकताना मला सारखं वाटायचं की ओळखीचा माणूस दुसऱ्याचा शर्ट घालून आलाय. वाक्य मराठीत निघायचं, मध्येच कन्नडमध्ये चहा प्यायचं आणि पुन्हा मराठीत यायचं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं: "तुम्ही बोलता की भांडता, स्वल्प कळत नाही बघा."

जेवायला नाचणीचे उकडलेले गोळे. इकडे त्यांना मुद्दे म्हणतात. मी भाकरीसारखा तुकडा मोडून चावायला लागले, तर मुकुंदरावांची बायको शारदाक्का घाबरल्या. "अय्यो, चावायचं नाही हो! साराला लावा आणि गिळा."

मी आजवर काहीही मुकाट्यानं गिळलेलं नाही. तो गोळा दातांना असा चिकटला की पाच मिनिटं मला कोणाविरुद्धच बोलता येईना. शमुवेल सर म्हणाले, "अक्का, हे पीठ थोडं नगरला न्यायला द्या."

रविवार. बैलकुप्पे

उपासनेनंतर जयराज अण्णांनी आम्हाला जीपमध्ये घातलं. राजवाडा सगळेच बघतात, तुम्हाला वेगळं दाखवतो म्हणाले. पिरियापट्टणला चहासाठी थांबलो. आजूबाजूला तंबाखूची रोपं. सरांनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर तिथल्या तिथे भाषण केलं. ऐकायला मी, अण्णा आणि एक म्हैस.

पुढे बैलकुप्पे, तिबेटी लोकांची वसाहत. तिथल्या मठात सोनेरी मूर्ती एवढ्या उंच की मान मोडते. आमच्या नगरच्या चर्चचं छप्पर गळतं तिथे प्लास्टिकची बादली ठेवलेली असते, ती मला आठवली. मठाच्या मागच्या मैदानात छोटे भिक्षू फुटबॉल खेळत होते. लाल वस्त्रं कमरेला खोचलेली, पाय अनवाणी, आणि गोल झाला की असा आरडाओरडा की ध्यानाला बसलेल्यांचं काय होत असेल! त्यांचा चेंडू झिजून झिजून टकला झालेला. रंग नाही, रेघ नाही.

"यांच्या चेंडूवर काहीच नाही," सर म्हणाले.

"बिचारे," मी म्हणाले.

हे 'बिचारे' लक्षात ठेवा. मला ते पुढे परत घ्यावं लागलं.

सोमवार. चेंडू

वस्ती रिंग रोडच्या अलीकडे. पत्र्याची घरं, मध्ये एक मोकळं मैदान, त्यात दोन शेळ्या आणि एक बिघडलेला ट्रॅक्टर. तिथून चामुंडी टेकडी स्वच्छ दिसते. टेकडीवरून वस्ती दिसते का, ते मात्र कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी चाळीसएक मुलं आली. ट्रॅक्टरला सरांनी कॉर्नर फ्लॅग नेमलं. मोटारसायकलवरून एका माणसानं येऊन विचारलं, इथे काय चाललंय, धर्म बदलायचंय काय? बॅनर बांधायला आलेले मुकुंदराव शिडीवरूनच कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि माणूस हसून गेला.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, गणपतीचं पत्रक मीच छापतो, इलेक्शनचं मीच, यांचंही मीच. बदलायचं असतं तर आधी मी बदललो असतो. अजून तेवढाच जाड आहे."

आता तो चेंडू. तो साधा चेंडू नव्हता. एका मोठ्या संस्थेनं दिला होता आणि त्याचे पाच रंग म्हणजे पाच धडे. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन, पिवळा म्हणजे स्वर्ग आणि हिरवा म्हणजे वाढ. मी हे संडेस्कूलमध्ये पाच वर्षांची असताना शिकले आणि तेव्हापासून त्यावर एकदाही विचार केला नाही. जे पाचव्या वर्षी पाठ होतं त्यावर माणूस विचार करत नाही. संस्थेची अट एकच: अहवालासोबत फोटो हवेत, मुलं चेंडूभोवती बसून अर्थ ऐकताना. आणि सोबत वाटायला पत्रक. पत्रक अर्थातच मी लिहिलं. पहिल्या ओळीत कॉलर धरली: 'तुझ्या हातात कोणता रंग आहे?' खाली माझं नाव. जयराज अण्णांनी कन्नड केलं, मुकुंदरावांनी छापलं, आणि खेळ संपल्यावर मी ते मुलांना वाटलं. भसाड्या आवाजात पहिली ओळ म्हणूनही दाखवली.

त्याआधी खेळात एक मुलगी दिसली होती. भाग्या, बारा वर्षांची, काटक. पहिल्यांदाच फुटबॉल बघत होती, पण गोलात उभी केल्यावर अशी झेपावली, की सरांच्या तोंडातली शिट्टी वाजायची राहिली. उडी मारायची, पडायची, उठून समोरच्यांना शिव्या द्यायची. तिचे दोन्ही तळवे काळेकुट्ट होते. सरांनी नळावर पाठवलं, तरी काळेच. नवीन चेंडूच्या पांढऱ्या भागावर तिची दहाही बोटं उमटली.

"असू दे," सर म्हणाले, "पण पोरीला गोलकीपर म्हणून देवानंच घडवलंय."

त्यांनी तिथूनच त्यांच्या एका जुन्या दोस्ताला फोन लावला. हे दोस्त मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहात प्रशिक्षक. त्यांना जूनपासून एक गोलकीपर मुलगी हवीच होती. शनिवारी आमचा शेवटचा सामना, तो बघायला यायचं त्यांनी कबूल केलं. पसंत पडली तर राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं दहावीपर्यंत. फक्त शनिवारी तिनं गोलात उभं असायला हवं. जयराज अण्णा तिच्या घरी जाऊन विचारूनही आले. आई हो म्हणाली.

मग दहा मिनिटांचं वचन. मुलं गोल करून बसली, सर चेंडू फिरवत राहिले, मी एकेक रंग सांगत गेले आणि अण्णा कन्नड करत गेले. काळ्यापाशी आल्यावर भाग्यानं आपले हात बघितले. मग चेंडू बघितला. मग काहीतरी विचारलं आणि सगळी मुलं फिदीफिदी हसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. पोरं हो," अण्णा म्हणाले आणि लालवर गेले.

फोटो छान आले.

मंगळवार, बुधवार. गोल रिकामा

मंगळवारी भाग्यानं चेंडू धरला की बाकीची मुलं ओरडायला लागली, "कप्पु! कप्पु!" म्हणजे काळा, काळा. मला वाटलं, टोपणनाव असेल. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. होय, टाळ्या वाजवल्या. इथे लिहिताना माझे कान गरम झालेत, पण लिहिते.

बुधवारी भाग्या आली नाही. गोलात एका मुलाला उभं केलं. तो चेंडू आला की बाजूला व्हायचा, पाहुण्याला वाट द्यावी तसा. बिस्किटांच्या वेळी मी अण्णांना कोपऱ्यात घेतलं.

"अण्णा, खरं सांगा. सोमवारी ती काय म्हणाली होती?"

अण्णा शिट्टीसारखं तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "ती विचारत होती, मग माझी अम्मा सगळ्यात जास्त पापी काय?"

"म्हणजे?"

"आई अगरबत्ती वळते, एस्तेर. कोळशाच्या मसाल्यात हात दिवसभर. संध्याकाळी पोरगी पण बसते. आता आई म्हणते, पाठवणार नाही. शनिवारी पण नाही."

सगळ्या जगाच्या अगरबत्त्या जिथून जातात त्या गावात येऊन, अगरबत्ती वळणाऱ्यांच्या वस्तीत बसून, मी छापील कागदावर सांगितलं होतं की काळा रंग पापाचा. आणि ही मी, गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध पत्रक काढणारी! माझा स्वभाव असा की चीड आली की ती कोणावर तरी काढायची. संस्था, चेंडू, संडेस्कूलच्या बाई, अण्णांचं भाषांतर, सगळ्यांना मी मनात एकेक करून झोडपलं. पण पत्रकाच्या खाली नाव माझंच होतं. नियम माझाच.

मग मी तेच केलं जे मला येतं. दुपारी खाली मुकुंदरावांच्या छापखान्यात गेले आणि टेबलावर कागद ठेवला. नवीन पत्रक. 'जाहीर माफी' असं वर मोठ्या अक्षरात, खाली सव्वा पान.

मुकुंदरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद परत केला.

"हे छापणार नाही."

"का? पैसे देते ना."

"कागदानं घाण केली, परत कागदानंच पुसता काय? आणि भाग्याची आई, ती सिद्दम्मा, वाचते काय तुमचं सव्वा पान? तिला दिवसाला हजारांनी काड्या वळायच्या असतात."

"मग पहिलं पत्रक छापताना तुम्हाला खटकलं नाही? तेव्हाच सांगायचं होतं!"

"छापणारा वाचत बसला तर छापेल कधी?" मग त्यांनी जुन्या गठ्ठ्यातून एक प्रत काढली आणि माझ्यासमोर धरली. "पण एक बघा की. हे सगळं, येशूचं रक्त, धुतलेलं मन, स्वर्ग, कशानं छापलंय?"

मी बघितलं. काळ्या शाईनं छापलं होतं. अथपासून इतिपर्यंत.

"पापानंच छापलं बघा सगळं पुण्य," म्हणाले आणि इतके हसले की शारदाक्का आतून बघायला आल्या. मग आपसूक गंभीर झाले. "आमच्या आज्जानं काळं कापड करताना मी बघितलंय. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं. मग वाळवायचं. लोखंडाचा गंज न् गूळ घालून दिवसेंदिवस आंबवलेलं पाणी असायचं, त्यात घालायचं. धुवायचं, परत. सगळ्यात जास्त मेहनत काळ्याला, आणि भावही जास्त. पांढरं काय हो? पांढरं म्हणजे अजून कामच सुरू झालं नाही."

मुद्द्याचा गोळा न चावता गिळणं मला तेव्हा पहिल्यांदा जमलं.

"उद्या सकाळचा खेळ झाला की चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "बोलणं मी करतो. तुम्ही बोललात तर भांडण वाटेल."

गुरुवार. सिद्दम्मा

सिद्दम्माचं घर मैदानाच्या पलीकडच्या रांगेत. दारात ती आणि दोन शेजारणी, समोर उताणे पाट. एका हातानं मसाल्याची चिमूट घ्यायची, काडी पाटावर ठेवायची, तळव्याचा एक फटकारा, झाली अगरबत्ती. डोळ्यांना दिसायच्या आत ढिगात दुसरी. मी सुगंधाची तयारी करून गेले होते. वास आला तो ओल्या कोळशाचा.

"वास कुठाय?" मी मुकुंदरावांना हळूच विचारलं.

सिद्दम्मानं ते ऐकलं, आणि अर्थही ओळखला. मान वर न करता तिनं काहीतरी सांगितलं.

"म्हणते, वास फॅक्टरीत लावतात. इथं फक्त काळं."

भाग्या आत दाराला टेकून उभी होती. आमच्याकडे बघत नव्हती. मुकुंदराव बोलायला लागले. बराच वेळ बोलले, मध्ये माझं नाव आलं. ऐकून झाल्यावर सिद्दम्मा बोलली. काड्या वळत वळत, आवाज न चढवता, तीनचार मिनिटं सलग बोलली. शेजारणी मध्येच हसल्या. एक तर काडी टाकून हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, चहा घ्या."

"एवढं सगळं बोलली आणि चहा घ्या?"

"बाकीचं तुम्हाला लागेल."

मी म्हटलं, लागू दे, तेवढ्यासाठीच आलेय. तेव्हा त्यांनी हप्त्याहप्त्यानं सांगितलं. की लांबून दोन माणसं आली, पोरांना बिस्किटं दिली आणि सांगून गेली की तुमच्या आयांचे हात घाणेरडे. हे सांगायला एवढं लांब कशाला यायचं, शेजारी फुकट सांगतात. की या हातांनी वळलेल्या काड्या देवळात लागतात, मशिदीत लागतात, जयराज अण्णांच्या चर्चमध्ये कोणी वारलं तर तिथेही लागतात, तेव्हा कोणी विचारत नाही कोणत्या रंगाच्या हातानं वळल्या.

माझं आयुष्य बोलण्यावर चाललंय. पण इथे मी नुसती खाली बसले आणि मोकळा पाट पुढे ओढला.

मसाला चिकट आणि गार. पहिली काडी मी वळली ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला उघडी. दुसरी मोडली. तिसरी तळव्यालाच चिकटली. शेजारीण माझी काडी उचलून सगळ्यांना दाखवायला लागली. आत भाग्या पहिल्यांदा हसली, मग बाहेर आली, माझा हात मनगटाला धरून तिनं तळवा सपाट केला आणि पाटावर फिरवून दाखवला. बोटांनी नाही, तळव्याच्या मुळाशी जोर द्यायचा. मी अर्धा तास काड्या वळल्या. सिद्दम्मानं ढीग तपासला, चार ठेवल्या आणि बाकीच्यांचा मसाला सोलून परत गोळ्यात घातला.

खरं सांगू? त्या बसण्यातही माझ्या डोक्यात एक मथळा तयार होतच होता: बारा वर्षांच्या मुलीच्या हातात काडी का? मी तो बोलूनही टाकला. मुकुंदराव नको नको करत होते, तरी त्यांना सांगायला लावला.

सिद्दम्मानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. तिचं उत्तर छोटं होतं, म्हणून मुकुंदरावांनी सगळं सांगितलं.

"म्हणते, तेच तर मला पण नको आहे. त्यासाठीच मी शनिवारला हो म्हटलं होतं. त्याचं 'नाही' तुमच्यामुळे झालं."

"मग पाठवा तिला! मी माफी मागते. आत्ता मागते."

"इथं नको म्हणते. इथं आम्ही तिघीच. जिथं बोललात तिथं, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर, आणि तेवढ्याच मोठ्यानं. ती ऐकायला येईल. पटलं तर शनिवारी पोरगी येईल."

शुक्रवार. उलटी पत्रकबाजी

शमुवेल सर आदल्या संध्याकाळपासून अस्वस्थ. ते वाईट नाहीत. त्यांना फक्त अहवालाची भीती वाटते.

"एस्तेर, संस्थेला मी काय कळवू? चेंडू चुकीचा आहे म्हणून?"

"चेंडू बरोबर आहे सर. हवा भरलेली आहे, गोल आहे. मी चुकीची आहे."

"पुढच्या वर्षी चेंडू द्यायचे नाहीत ते."

"मग बैलकुप्प्याहून टकला चेंडू मागून आणू."

सर हसले नाहीत, पण शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "मुलं तुझ्याकडे बघणार नाहीत शिट्टीशिवाय," म्हणाले.

सकाळी खेळ संपल्यावर मुलं गोल करून बसली. सिद्दम्मा ट्रॅक्टरपाशी हाताची घडी घालून उभी होती. तिच्यामागे भाग्या, आणि मागे अजून पाचसात बायका. बातमी पसरली असणार. मी शिट्टी वाजवली. हातात चेंडू घेतला. जयराज अण्णांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज एक शब्दही खायचा नाही.

"सोमवारी मी सांगितलं की काळा म्हणजे पाप," मी म्हणाले, सोमवारएवढ्याच मोठ्यानं. "ते खोटं होतं. मी विचार न करता बोलले आणि विचार न करता छापलं. चेंडूच्या रंगात पाप नसतं आणि हातांच्या रंगातही नसतं. येशू सुतारकाम करायचा. त्याचे हात काही पांढरे नसणार. माझ्यामुळे तुम्ही भाग्याला चिडवलंत. ती चूक तुमच्याआधी माझी आहे. भाग्या, मला माफ कर. सिद्दम्मा, तुम्हीही."

अण्णांनी सगळं सांगितलं. आणि मग मी माझे हात वर करून दाखवले. कालपासून तीन वेळा साबण लावला होता, तरी रेषा आणि नखं काळीच.

मग पुढच्या एका पोरानं हात वर केला.

"मग पिवळा?" अण्णांनी भाषांतर केलं.

"पिवळा म्हणजे पिवळा."

"स्वर्ग नाही?"

"स्वर्ग आहे. पण तो पिवळा आहे की नाही, मी बघितलेला नाही."

यावर वस्तीत मोठीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, स्वर्ग मैसूरपाकाच्या रंगाचा. दुसऱ्याचं, कडेचा कुरकुरीत डोसा असतो तसला. हिरव्यावरून तर दोघं हातघाईवर आले. माझ्या सात वर्षांच्या पत्रकबाजीत माझ्या कुठल्याच मजकुरावर इतकी प्रामाणिक चर्चा झालेली नाही.

सिद्दम्मानं हाताची घडी सोडली. "आयतु," म्हणाली आणि निघून गेली. झालं, एवढाच त्याचा अर्थ. भाग्या मात्र गेली नाही. गोलात जाऊन उभी राहिली आणि ओरडली. चेंडू मारा, असंच म्हणाली असणार.

शनिवार. सामना

क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक सर बरोबर नऊला आले. बारीक, गंभीर, काळा चष्मा. मुकुंदरावांनी दोन संघांसाठी टी-शर्ट छापून आणले होते. रंग कोणते घ्यायचे यावर त्यांनी मला काल मुद्दाम विचारलं होतं, मी हात जोडले होते. सिद्दम्मा रोजचं काम सोडून आली नव्हती. मसाल्याचा गोळा आणि पाट घेऊन, ट्रॅक्टरच्या सावलीत बसून वळत होती.

भाग्यानं पहिल्या दहा मिनिटांत गोल खाल्ला. साधा, पायांमधून गेलेला. प्रशिक्षक सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग तिनं दोन अडवले, एक तर अंग झोकून, तोंडात माती गेली. आणि मग दुसरा गोल खाल्ला. त्यावर ती आपल्याच बचाव करणाऱ्या दोन पोरांवर अशी तुटून पडली की शेळ्या मैदान सोडून गेल्या. हात लांब करकरून तिनं एकाला डावीकडे पाठवलं, एकाला मागे ओढलं, आणि पुढचा अर्धा तास बोलणं थांबवलंच नाही. त्या अर्ध्या तासात गोल झाला नाही.

सामना संपला तेव्हा भाग्याचा संघ हरलेला होता. प्रशिक्षक सर आमच्याकडे आले.

"दोन गोल खाल्ले," शमुवेल सर आधीच माफी मागायला लागले. "सहा दिवसांचीच तयारी, त्यात दोन दिवस..."

"गोल अडवायला मी शिकवीन," प्रशिक्षक म्हणाले. "ओरडायला शिकवता येत नाही. ते पोरीला येतं." आणि त्यांनी बॅगेतून अर्ज काढला. "पालकांची सही?"

इथे मी माझं शेवटचं कर्तृत्व गाजवलं. सह्यांच्या मोहिमा करणाऱ्या माणसाच्या बॅगेत शाईचा पॅड असतोच. मी लगबगीनं तो काढला, झाकण उघडलं आणि सिद्दम्मापुढे धरला, अंगठ्यासाठी.

सिद्दम्मानं पॅडकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पदराला हात पुसले, प्रशिक्षक सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, अर्ज पाटावर ठेवला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. उलटवून मागची बाजू वाचली. मग जिलबीसारख्या गोल गोल कन्नड अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. पेन परत दिलं आणि मुकुंदरावांना काहीतरी म्हणाली.

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. सिद्दम्मा वाचते काय, असं विचारणारे तेच होते.

"म्हणते," ते सावकाश म्हणाले, "पोरीनं घरी येऊन काहीच सांगितलं नव्हतं. तुमचं पत्रक मी स्वतः वाचलं. दोन्ही बाजूंनी. खाली तुमचं नाव होतं, म्हणून तुमचीच वाट बघत होते."

अर्जाच्या कोपऱ्यात तिच्या बोटाचा काळा ठसा उमटला होता. प्रशिक्षक सर रुमालानं पुसायला गेले, तसा तो आणखी पसरला. "राहू दे," ते म्हणाले आणि अर्ज फाइलला लावला.

मी पॅडचं झाकण लावलं. निघायची गाडी दुसऱ्या दिवशी होती. दुपार मोकळी होती म्हणून मी राजवाडा बघायला न जाता परत त्या पाटावर बसले. या वेळी सिद्दम्मानं अकरा काड्या ठेवल्या.

नगरला परतल्यावर पुढच्या रविवारी उपासनेत गीताच्या वेळी सगळ्यांनी हात वर केले, मीही केले. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या नखांकडे बघितलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "अगं, देवाच्या घरात येताना हात तरी धुवून यायचं."

"धुतलेत," मी म्हटलं, आणि आणखी थोडे वर केले.